‘अँटिक्वा एत नोवा’ : आदिलाबादेतून एक परीक्षण

२८ जानेवारी २०२५ रोजी, संत थॉमस अक्विनास यांच्या स्मृतिदिनी, व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्तविषयक आणि संस्कृती-शिक्षणविषयक अशा दोन विभागांनी मिळून एक टिपण प्रसिद्ध केले. विषय होता कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवी बुद्धी यांचा परस्परसंबंध. ‘अँटिक्वा एत नोवा’, म्हणजे ‘जुने आणि नवे’, हे त्याचे नाव मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील त्या गृहस्थावरून घेतले आहे, जो आपल्या भांडारातून नव्या व जुन्या वस्तू बाहेर काढतो. एकंदर ११७ परिच्छेदांचा हा मजकूर दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने निघाला. त्यांच्यामागून ८ मे २०२५ रोजी निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी आपल्या नावाचे कारण सांगताना १८९१ सालच्या ‘रेरुम नोवारुम’ची आणि आजच्या या नव्या यंत्रक्रांतीची सांगड घातली. तेव्हा हा विषय ख्रिस्तसभेपुढे दीर्घकाळ राहणार, यात संशय नाही.

प्रस्तुत परीक्षणाचा हेतू मर्यादित आहे. पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबादसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात, जेथे मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि लंबाडी या भाषा एकाच आठवडी बाजारात ऐकू येतात, तेथील धर्मगुरूच्या आणि धर्मशिक्षकाच्या हाती हे टिपण दिले असता ते त्याला कितपत वाट दाखवते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

१. टिपणाचे सामर्थ्य

टिपणाचा पाया थॉमिस्ट आहे आणि तो भक्कम आहे. मानवी बुद्धीच्या व्यापाराला दोन अंगे असतात. एक, सत्याचे साक्षात आकलन. दुसरे, एका विधानावरून दुसऱ्या विधानाकडे पायरीपायरीने जाणारा तर्क. या दोन वेगळ्या शक्ती नसून एकाच शक्तीचे हे दोन व्यापार आहेत, हे संत थॉमस यांचे प्रतिपादन आपण सेमिनरीत शिकलो आहोत. यंत्र यातील तर्काच्या काही कामांची नक्कल करते, आणि ती थक्क करणारी असते. परंतु यंत्राला देह नाही, नातेसंबंध नाहीत, भूक नाही, मृत्यू नाही आणि सत्याकडे व शिवाकडे झेपावणारे अंतःकरण नाही. म्हणून त्याला ‘बुद्धिमान’ म्हणणे हा कामापुरता केलेला शब्दप्रयोग आहे, असा टिपणाचा निष्कर्ष आहे.

यातून दुसरा निष्कर्ष निघतो, आणि धर्मसेवकाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. यंत्र हे नैतिक कर्ता नव्हे. पाप यंत्राला लागत नाही आणि पुण्यही लागत नाही. जो ते घडवतो, जो ते कामाला लावतो, जो त्याच्या निकालावर सही करतो, त्याच्यावरच जबाबदारी राहते. पुढे श्रम, आरोग्य, शिक्षण, खोट्या बातम्या, खाजगीपणा, पर्यावरण, युद्ध आणि शेवटी परमेश्वराशी असलेले नाते अशा क्रमाने टिपण एकेक क्षेत्र घेते. माणूस आपल्याच हातच्या कृतीपुढे वाकेल, ही मूर्तिपूजेची जुनी भीती शेवटी नव्या रूपात मांडली आहे. हा सारा भाग धर्मशिक्षणाच्या वर्गात जसाच्या तसा नेण्याजोगा आहे. विशेषतः मोबाईलवरील यंत्राला मित्र, वैद्य आणि कबुलीजबाब ऐकणारा समजू लागलेल्या तरुणांपुढे तो अवश्य ठेवावा.

२. जे निसटले

तथापि एक गोष्ट खटकते. टिपणाची बरीचशी शक्ती ‘यंत्र माणसासारखे आहे काय?’ या प्रश्नात खर्च झाली आहे. आमच्या मंडल कार्यालयाच्या पायरीवर हा प्रश्न उलटा होऊन बसलेला आहे. तेथे माणसालाच एका नोंदीसारखे वागवले जात आहे, आणि नोंद व माणूस यांत विसंगती दिसली तर नोंद खरी धरली जाते.

शासनाच्या कल्याणयोजनांसाठी टिपणात स्वतंत्र विभाग नाही. माणसाच्या पूर्ववर्तनाची माहिती गोळा करून त्याच्याविषयीचा निवाडा यंत्रावर सोपवू नये, असा सावधगिरीचा इशारा आहे. परंतु तो खाजगीपणा व पाळत या मथळ्याखाली येतो. ‘आपल्याला कोणी पाहत आहे’ ही युरोपातील नागरिकाची चिंता तेथे उमटली आहे, आणि ती खोटी नाही. गरिबाची चिंता मात्र निराळी असते. त्याला चुकीचे पाहिले जाते, आणि ‘तो मी नव्हे’ हे त्याचे म्हणणे ऐकून घेणारा कोणी समोर नसतो.

३. समग्र वेदिका

हे काल्पनिक नाही. तेलंगणा राज्याने ‘समग्र वेदिका’ नावाची एक संगणकप्रणाली उभारली आणि २०१६ पासून ती अन्नसुरक्षा कार्डांच्या पात्रतेसाठी वापरात आणली. तिची कामाची रीत समजण्यास कठीण नाही. वाहन, मालमत्ता, वीजजोडणी इत्यादी निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र आणावयाच्या. त्यांतील नावे, पत्ते यांची तुलना करावयाची. आणि कोणत्या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या असाव्यात याचा अंदाज यंत्राने बांधावयाचा. येथे ‘अंदाज’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नावे अक्षरशः जुळत नसली तरी पुरेशी जवळची वाटली, तर ती माणसे एक मानली जातात. मग रेशनकार्डावरील माणसाच्या नावे चारचाकी वाहन आढळले, की तो अपात्र.

२०१४ ते २०१९ या काळात तेलंगणात १८ लाख ६० हजारांहून अधिक अन्नसुरक्षा कार्डे रद्द झाली आणि १,४२,०८६ नवे अर्ज नाकारले गेले. यांतील प्रत्येक नकार यंत्रानेच दिला असे म्हणता येणार नाही. परंतु पूर्वसूचना न देता आणि घरी जाऊन पाहिल्यावाचून कार्डे रद्द झाल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. फेरतपासणीसाठी ४,९१,८९९ अर्ज आले. जुलै २०२२ पर्यंत त्यांपैकी २,०५,७३४ अर्जांची छाननी झाली, आणि १५,४७१ कुटुंबे पात्र असूनही वगळली गेली होती असे आढळले. शेकडा साडेसात हा हिशेब एखाद्या कंपनीच्या अहवालात क्षुल्लक वाटेल. पण हे प्रमाण पंधरा हजारांवर चुलींचे आहे, आणि तेही ज्यांना अर्ज करण्याइतके बळ व सवड होती त्यांचेच.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या शोधवृत्तांत हैदराबादेतील एका निर्धन कुटुंबाची हकीकत आली. नामसाम्यामुळे दुसऱ्याच कोणाची मोटार त्या कुटुंबाच्या नावे लागली आणि त्यांचे धान्य बंद झाले. प्रणालीच्या आतल्या रचनेची माहिती माहिती-अधिकारात मागितली असता ती मिळाली नाही, असेही त्या वृत्तांत नमूद आहे. म्हणजे निकाल कळतो, कारण कळत नाही. आणि कारण कळल्यावाचून खंडन कशाचे करणार?

४. आदिलाबादची नावे

या यंत्रविद्येचे सारे काम नावावर चालते, आणि नाव ही आमच्या जिल्ह्यात फार निसरडी वस्तू आहे. ‘ज्ञानेश्वर’ हे एकच नाव घ्या. मराठी माणूस ते ज्या उच्चाराने म्हणतो त्यावरून इंग्रजीत त्याची सुरुवात ‘डी’ने होते, हिंदी शाळेत शिकलेला कारकून ‘जी’ आणि ‘वाय’ वापरतो, तेलुगू पद्धतीने लिहिणारा ‘जी’ आणि ‘एन’ लिहितो. आधारवर एक, सात-बाऱ्यासारख्या जमिनीच्या पासबुकावर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे. यंत्राला यात तीन माणसे दिसू शकतात.

उलट बाजूही आहे. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव आधी येते, मराठी रीतीत शेवटी. मधले वडिलांचे किंवा पतीचे नाव एका नोंदीत असते, दुसरीत गळते. आत्राम, मडावी, कुमरा, सिडाम, पेंदूर ही गोंडांची आडनावे उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या भागांत गावोगावी आहेत, आणि त्यांना जोडलेली भीमराव, लिंगू, जंगू ही नावेही मोजकीच. एका मंडलात एकाच नावाची अनेक माणसे असणे हा येथे नित्याचा प्रकार आहे. यंत्राला यात एकच माणूस दिसू शकतो. तीन माणसांचा एक आणि एका माणसाचे तीन, अशी दुहेरी चूक जेथे सहज संभवते, तेथे केवळ नोंदींच्या जुळणीवर धान्य तोडणे हे धाडस आहे.

त्यात सीमेची भर. पूर्वीच्या अखंड आदिलाबाद जिल्ह्यातील (२०१६ च्या विभागणीनंतर कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील) केरामेरी मंडल आणि चंद्रपूरचा जिवती तालुका यांच्या दरम्यानच्या परमडोली, मुकदमगुडा आदी गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगत आली आहेत. तेथील लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आहेत आणि दोन्हीकडच्या मतदारयादीत नावे आहेत. या माणसांनी काही लबाडी केलेली नाही. दोन शासनांचा वाद त्यांच्या दारात येऊन बसला आहे. यंत्राला वाद कळत नाही, दुबार नोंद तेवढी कळते.

५. नियंत्रण म्हणजे काय

मे २०२३ मध्ये जगातील अनेक नामवंत संशोधकांनी असे एक निवेदन काढले, की कृत्रिम बुद्धिमत्तेपासून मानवजातीच्या अस्तित्वालाच धोका संभवतो आणि महामारी व अणुयुद्ध यांच्या बरोबरीने त्याचा विचार व्हावा. त्याच महिन्यात या विद्येचे एक आद्य प्रवर्तक जेफ्री हिंटन यांनी गूगल सोडून जाहीर इशारे देण्यास आरंभ केला. टिपणानेही युद्धाच्या विभागात या भीतीची दखल घेतली आहे. काही धर्मबंधू म्हणतील, की एवढ्या प्रचंड संकटापुढे रेशनकार्डाचे काय?

मला वाटते, दोन्ही संकटांचे मूळ एकच आहे. नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने १९६० सालीच एका शास्त्रीय लेखात बजावले होते, की ज्या यंत्राच्या कामात आपल्याला वेळीच हस्तक्षेप करता येणार नाही, त्याला दिलेला हेतू आपल्या खऱ्या इच्छेशी जुळतो याची आधी खात्री करून घ्यावी. समग्र वेदिकेला अपात्र माणूस शोधण्याचे काम मिळाले. तिने तो शोधला. पात्र माणूस उपाशी राहू नये, हा अन्नसुरक्षेचा मूळ हेतू तिच्या हिशेबात तितक्या जोराने नव्हता. यंत्राने आज्ञाभंग केला नाही. आज्ञा अपुरी होती, आणि ती अपुरी आहे हे सांगू शकणारा माणूस, म्हणजे कार्ड गमावलेला माणूस, खिडकीबाहेर उभा होता.

हे केवळ गरीब देशांतच घडते असेही नाही. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन-अनुदानाच्या प्रकरणात जोखीम मोजणाऱ्या संगणकप्रणालीच्या साहाय्याने हजारो पालकांवर लबाडीचा ठपका आला. त्यांत परदेशी वंशाचे पालक विशेष भरडले गेले, आणि १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. तेथे मंत्रिमंडळ तरी पडले.

म्हणून नियंत्रण या शब्दाचा अर्थ आपण ठामपणे धरला पाहिजे. यंत्राचा विजेचा खटका कोणाच्या हाती आहे, एवढ्यावर नियंत्रण ठरत नाही. ज्याच्यावर निकाल लागला त्याने ‘हे चूक आहे’ म्हटल्यास ते ऐकणे, कारण सांगणे आणि निकाल फिरवणे ज्याला बंधनकारक आहे असा नाव असलेला माणूस असणे, म्हणजे नियंत्रण. टिपण म्हणते की प्रत्येक टप्प्यावर माणसे जबाबदार असतात. तत्त्व निर्दोष आहे. परंतु व्यवहारात कंपनी म्हणते, आम्ही केवळ प्रणाली दिली. खाते म्हणते, संगणकाने दाखवले. मी-सेवा केंद्रावरचा मुलगा म्हणतो, वरूनच आले आहे. सर्वांवर वाटून दिलेली जबाबदारी शेवटी कोणाच्याच अंगाला चिकटत नाही. टिपणाने या पळवाटेवर बोट ठेवावयास हवे होते. २८ फेब्रुवारी २०२० च्या ‘रोम आवाहना’तही पारदर्शकता, समावेश, जबाबदारी वगैरे सहा तत्त्वे आहेत, तेथे स्वाक्षऱ्या मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांच्या आहेत, कार्ड गमावलेल्याची तेथे जागा नाही. जो समाज रेशनच्या यादीतील चूक दुरुस्त करू शकत नाही, तो पुढच्या महायंत्राला आवर घालील हे मानणे कठीण आहे.

६. उतरून पाहणारा परमेश्वर

टिपण जुने आणि नवे काढण्याचे वचन देते. आपल्या भांडारात या प्रश्नासाठी जुने धन पुष्कळ आहे, आणि त्यातील काही टिपणात यावयास हवे होते.

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात सदोम व गमोरा यांच्याविषयीची ओरड परमेश्वराच्या कानी येते. तो सर्वज्ञ आहे. त्याला आणखी कोणत्या माहितीची गरज नाही. तरीही निवाडा करण्यापूर्वी तो म्हणतो की खाली उतरून पाहीन. रब्बींनी आणि आपल्या मंडळीच्या आचार्यांनीही यात न्यायाधीशाला धडा पाहिला आहे: ऐकीव गोष्टीवर शिक्षा देऊ नये. आणि पाठोपाठ अब्राहाम पुढे येऊन घासाघीस करतो. पन्नासांपासून दहांपर्यंत. शेकडा किती निर्दोष भरडले गेले तर चालेल, हा तेथला प्रश्न आहे, आणि परमेश्वर तो प्रश्न विचारू देतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली जी प्रत्यक्ष तपासणी सांगितली, ती या ‘उतरून पाहण्या’ची लौकिक आवृत्तीच होय.

गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहतात. नियमाप्रमाणे त्यांना वतन नाही. नियम बरोबर लावला तरी अन्याय होतो, अशी ही स्थिती. मोशे त्यांचे गाऱ्हाणे परमेश्वरापुढे नेतो, आणि उत्तर येते की मुलींचे म्हणणे योग्य आहे, नियमच बदलतो. यंत्राला अपवाद चुकीसारखा दिसतो. येथे अपवादाने नियम सुधारला.

लूकच्या अठराव्या अध्यायातील विधवेचा दृष्टान्त आपण प्रार्थनेवरील प्रवचनात नेहमी घेतो. त्यातील न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाला जुमानत नाही. पण त्याला दार आहे, कान आहेत आणि कंटाळा आहे. विधवा त्याला भंडावून सोडू शकते. जो निकाल संगणकाच्या पडद्यावर उमटतो, त्याला कंटाळाही येत नाही. अन्यायी न्यायाधीशापेक्षाही तो अधिक दूर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे संकटाचे खरे स्वरूप कळते.

दाविदाच्या शिरगणतीची कथाही (दुसरे शमुवेल, अध्याय चोवीस) येथे आठवते. आमच्या राज्यात १९ ऑगस्ट २०१४ रोजी एका दिवसात सर्व कुटुंबांची पाहणी झाली. मोजणे हे स्वतः पाप नव्हे. इस्राएलची मोजणी परमेश्वराच्या आज्ञेनेही झाली होती. मोजल्यामुळे लोक आपल्या मुठीत आले असे राजाला वाटणे, हे धोक्याचे.

७. एक रास्त आक्षेप

यंत्र कशासाठी आणले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कागदोपत्री भुताटकीची कार्डे होती, गरिबाच्या नावावर धान्य उचलणारे होते, चिरीमिरीवाचून दाखला न देणारे होते. तेलंगणातील ग्राममहसूल अधिकाऱ्यांची पदे २०२० साली रद्द झाली तीही अशाच तक्रारींच्या पार्श्वभूमीवर. माणूस यंत्रापेक्षा न्यायी असतोच असे नाही. तो जातीकडे पाहतो, पक्षाकडे पाहतो. हा आक्षेप खरा आहे, आणि टिपणाप्रमाणेच आपणही यंत्राचा सरसकट निषेध करण्याचे कारण नाही. पण त्याचा निष्कर्ष एवढाच, की यंत्राने संशयिताकडे बोट दाखवावे. धान्य तोडण्याची सही त्याने करू नये. पुढे २०२५ मध्ये राज्याने ग्रामपालन अधिकारी या नावाने गावपातळीवर पुन्हा माणसे नेमली. गावाला ओळखणारा माणूस लागतो, याची ही कबुली मानावी.

युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात येऊ लागला. शासकीय साहाय्याची पात्रता ठरवणाऱ्या प्रणाली त्यात अतिजोखमीच्या गटात मोडतात आणि त्यांवर मानवी देखरेख बंधनकारक आहे. आपल्याकडे २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा अनुदाने व लाभ देण्यासाठी शासनाला नागरिकांची माहिती वापरण्याची मुभा देतो. यंत्राच्या निकालाविरुद्ध दाद मागण्याचा असा स्पष्ट हक्क त्यात नाही.

८. आपल्यासाठी

तरीही दार पूर्ण बंद नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १५ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात तक्रारनिवारण अधिकारी असावा लागतो आणि कलम १६ अन्वये राज्य अन्न आयोग. ज्या धर्मशिक्षकाला एवढे ठाऊक आहे, तो आपल्या गावातील कार्ड गमावलेल्या बाईला, मग ती कोणत्याही धर्माची असो, एक अर्ज लिहून देऊ शकतो: कार्ड कोणत्या कारणाने रद्द झाले ते लेखी कळवावे, आणि घरी येऊन तपासणी करावी. अर्जाची पोच घ्यावी, तारीख टिपून ठेवावी, महिन्याने पुन्हा जावे. त्या विधवेचे काम कोणी तरी सोबतीने केले पाहिजे.

आपणही नोंदवह्या ठेवणारे लोक आहोत, हे विसरू नये. बाप्तिस्म्याची व विवाहाची नोंद करताना नाव घाईने इंग्रजीत उतरवण्याऐवजी आई-बाप म्हणतात तसे लिहावे, आणि आधारवरील रूपही शेजारी द्यावे. उद्या त्याच नोंदीवर कोणाचे तरी ‘तो मी नव्हे’ किंवा ‘तो मीच’ सिद्ध होईल. आपल्या शाळांत प्रवेशासाठी किंवा दवाखान्यांत सवलतीसाठी अशी प्रणाली कोणी देऊ केली, तर विकत घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हिने नाकारलेल्या माणसाने कोणाकडे जावे, आणि त्याचे नाव काय?

‘अँटिक्वा एत नोवा’ हे टिपण सिद्धान्ताच्या बाजूने भरीव आहे आणि सेमिनरीच्या अभ्यासक्रमात ते अवश्य असावे. यंत्र माणूस नव्हे, हे त्याने उत्तम प्रकारे सिद्ध केले. माणूस नोंद नव्हे, हे सिद्ध करण्याचे काम मात्र बेला, जैनथ, बोथ, उटनूर येथील कार्यालयांच्या दारात बाकी आहे, आणि ते प्रसंगी एकेका कार्डामागे करावे लागेल.